शिकारीचे कायदे आणि त्यांचे रक्षक: अमेरिकेविषयीचे काही गैरसमज

अमेरिकेतील वन्यजीव-संरक्षण थिओडोर रूझवेल्ट यांच्यापासून सुरू झाले, असा समज रूढ आहे. वस्तुतः ऱ्होड आयलंड वसाहतीने हरणांच्या शिकारीला वर्षातील ठरावीक काळ बंदी घातली ती १६४६ मध्ये, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे कायदे अनेक राज्यांत होते. वानवा होती ती अंमलबजावणीची, कारण शेरीफ हा मतदारांनी निवडलेला अधिकारी असे आणि ज्यूरीत बसणारे गावकरी बहुधा स्वतःच शिकारी असत. गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीच्या कायद्यांचा पगारी राखणदार, मिशिगनने १८८७ मध्ये नेमला.

यलोस्टोन १८७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि तेथील प्राण्यांना अभय मिळाले, हा समजही टिकणारा नाही. १८८६ पासून तेथे लष्कराचा पहारा होता, तरी १८९४ च्या मार्चमध्ये पेलिकन खोऱ्यातील बर्फात मारलेल्या गव्याचे (बायसनचे) कातडे सोलताना एडगर हॉवेल रंगेहाथ पकडला गेला, तेव्हा त्याला उद्यानाबाहेर हाकलण्यापलीकडे कोणतीही शिक्षा कायद्यात नव्हती. ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या साप्ताहिकाने हे प्रकरण लावून धरले आणि आयोवाचे प्रतिनिधी जॉन लेसी यांच्या विधेयकाने मे महिन्यात दंड व कैदेची तरतूद झाली. एका चोरट्या शिकाऱ्याने कायद्याला लावलेला हा हातभार विलक्षणच म्हणावा लागेल.

याच लेसींच्या नावाने ओळखला जाणारा १९०० चा कायदा शिकारबंदीचा कायदा मानला जातो, पण तो मुख्यतः वाहतुकीचा होता. शिकारीचे प्राणी ही राज्याची मालमत्ता होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये ‘गीर विरुद्ध कनेक्टिकट’ खटल्यात दिल्यामुळे केंद्राच्या हाती आंतरराज्य व्यापाराचे नियमन एवढाच धागा उरला होता; तो धरून, एका राज्यात बेकायदा मारलेला प्राणी दुसऱ्या राज्यात पाठवणे हा केंद्रीय गुन्हा ठरवण्यात आला आणि शहरांना मांस व पिसे पुरवणाऱ्या धंदेवाईक शिकाऱ्यांच्या बाजारपेठेवर घाव बसला. जागेवरचा रक्षक मात्र एकाकीच राहिला: फ्लोरिडात बगळ्यांची राखण करणारा, ऑडुबॉन संघटनांकडून पगार घेणारा वॉर्डन गाय ब्रॅडली ८ जुलै १९०५ रोजी गोळी लागून मारला गेला आणि ग्रँड ज्यूरीने आरोपीवर खटला भरण्यास नकार दिला.

हे कायदे सर्वांना सारखेच लागू होते, हा समज सर्वांत दिशाभूल करणारा आहे. मोकळ्या सरकारी जमिनीवर शिकार करण्याचा हक्क १८६८ च्या तहाने बॅनक जमातीला मिळाला होता. तरीही ‘वॉर्ड विरुद्ध रेस हॉर्स’ या १८९६ च्या निकालाने वायोमिंगचा राज्य-कायदा त्या हक्काहून वरचढ ठरवला. पेनसिल्व्हानियाने १९०९ मध्ये नागरिकत्व न घेतलेल्या परदेशी रहिवाशांना शिकारीबरोबरच बंदूक बाळगण्यासही मनाई केली, आणि १९१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही वैध मानली. रेस हॉर्स निकालाचा आधार न्यायालयाने स्पष्ट शब्दांत नाकारला तो २०१९ मध्ये, क्रो जमातीच्या एका शिकाऱ्याच्या खटल्यात.