शिफारशीची कमाई: आधी सांगा, मग कमवा

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मी मणिबेलीहून बोलते आहे. अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदेच्या काठावरचं आमचं गाव. आज मी तुम्हाला कमाईच्या एका नव्या वाटेबद्दल सांगणार आहे. वाट चांगली आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे. त्या खड्ड्यात मी स्वतः पडले होते, म्हणून आधी तेच सांगते.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. नंदुरबारला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मला फोनवर एक गोष्ट शिकवली. एखाद्या कंपनीच्या वस्तूची लिंक आपण आपल्या नावाने काढायची आणि ओळखीच्यांना पाठवायची. त्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली, की कंपनी आपल्याला थोडे पैसे देते. मला वाटलं, हे तर बरं आहे. माल घ्यायचा नाही, साठवायचा नाही, डोक्यावर वाहायचा नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते, म्हणून मी सौरदिव्याची लिंक काढली. दिव्याची किंमत 700 रुपये. बचत गटाच्या बैठकीत मी सांगितलं, "दिवा फार चांगला आहे, घेऊन टाका." आठ जणींनी घेतला. मला एका दिव्यामागे 35 रुपये, म्हणजे एकूण 280 रुपये मिळाले. हे मी कोणालाच सांगितलं नाही.

श्रावण लागेपर्यंत आठपैकी चार दिवे बंद पडले. परत करायची मुदत कधीच संपली होती. माझी काकी दिवा घेऊन माझ्या ओट्यावर आली. तिने विचारलं, "तू हा दिवा आधी वापरला होतास का?" मी म्हटलं, "नाही." मग ती म्हणाली, "तुला यात काही मिळालं का?" मी गप्प बसले. काकीला उत्तर मिळालं.

पुढच्या बैठकीत मी सगळं सांगितलं आणि ते 280 रुपये गटाच्या पेटीत टाकले. त्यातून दिवे काही दुरुस्त झाले नाहीत. एक बाई म्हणाली, "पैसे घेतलेस त्याचं काही नाही. आम्हाला वाटलं तू आमच्यासाठी बोलतेस." तेव्हापासून मी हे काम सोडलं नाही, पण करायची रीत बदलली. ती रीत आज तुमच्यापुढे ठेवते.

हे काम चालतं कसं?

दलाली आपल्याला नवी नाही. बाजार समितीत अडत्या माल विकून देतो आणि अडत घेतो. इथेही तसंच आहे, फक्त काम फोनवर होतं. ॲमेझॉन या कंपनीने 1996 साली अमेरिकेत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली आणि आज अनेक कंपन्या ती वापरतात.

आपण कंपनीकडे नाव नोंदवतो. त्यासाठी पॅन कार्ड आणि बँक खातं लागतं. कंपनी आपल्याला एक खूण देते, आणि आपण काढलेल्या प्रत्येक लिंकमध्ये ती खूण लपलेली असते. समोरच्या बाईने लिंक दाबून वस्तू घेतली, की कंपनीला कळतं की हे गिऱ्हाईक कोणी पाठवलं. लिंक दाबल्यावर ठरावीक वेळेतच खरेदी व्हावी लागते. ॲमेझॉनकडे ही मुदत साधारण 24 तासांची असते. वस्तू परत गेली तर कमिशनही परत जातं. म्हणून पैसे लगेच मिळत नाहीत, परतीची मुदत संपल्यावर खात्यात येतात. आपणच आपल्या लिंकवरून वस्तू घेतली तर बहुतेक कंपन्या काहीच देत नाहीत. लिंक कुठे टाकायची आणि कुठे नाही, याचेही प्रत्येक कंपनीचे नियम असतात. ते आधी कोणाकडून तरी नीट वाचून घ्यावेत.

आता हिशेब करू. समजा, 500 रुपयांच्या वस्तूवर 4 टक्के कमिशन आहे, म्हणजे 20 रुपये. महिन्यात 25 वस्तू गेल्या तर 500 रुपये होतात. त्यातून फोनचा रिचार्ज वजा करा. म्हणजे यावर घर चालत नाही. मीठ-तेलाला हातभार लागतो. कोणी "महिन्याला पन्नास हजार" सांगत असेल, तर तिथून उठून या.

यात खरी पुंजी कोणती?

कंपनीला जाहिरात करायची असेल तर तिच्याकडे पैसे आहेत, टीव्ही आहे. मग ती आपल्याला कमिशन का देते? कारण टीव्हीवरचं ऐकून काकी दिवा घेत नाही, माझं ऐकून घेते. म्हणजे कंपनी आपली जीभ विकत घेत नाही. गावाचा आपल्यावर जो भरवसा आहे, तो ती भाड्याने घेते. हा भरवसा काही आपल्या एकटीचा नाही. तो काकीचा आहे, गटाचा आहे. म्हणून त्याच्या भाड्याची गोष्ट त्यांना कळलीच पाहिजे.

आमच्या गावाला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. सरदार सरोवराच्या बुडितात सापडलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव मणिबेली. 1990 नंतरच्या त्या वर्षांत किती साहेब आले, किती कागद दाखवले. आमच्या आयांनी तेव्हा प्रत्येकाला विचारलं, "तू कोणाकडून आलास?" तोच प्रश्न आता लिंक पाठवणारीला विचारायचा. लिंक पाठवणारी मी असले, तर मलाही विचारायचा.

कायदा काय म्हणतो?

ही फक्त चांगुलपणाची गोष्ट नाही, कायद्याचीही आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे. त्याखाली 9 जून 2022 ला फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना निघाल्या. शिफारस करणारा आणि विकणारा यांच्यात पैशाचं किंवा दुसरं काही नातं असेल आणि ते ऐकणाऱ्याला आपोआप कळण्यासारखं नसेल, तर ते उघड सांगायचं, असं त्यांत म्हटलं आहे. शिफारस ही खरं मत असावी, पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली असावी, असंही म्हटलं आहे.

जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने फोनवरून आणि समाजमाध्यमांवरून शिफारस करणाऱ्यांसाठी आणखी सोपं करून सांगितलं. ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत खुलासा. म्हणजे मी दिव्याचं कौतुक पावरीत करायचं आणि "कमिशन मिळतं" एवढंच इंग्रजीत बारीक अक्षरात लिहायचं, हे चालणार नाही. व्हिडिओ असेल तर खुलासा दिसलाही पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे. फसवी शिफारस करणाऱ्याला 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. आपल्यासारख्या छोट्या बायांच्या मागे कोणी लगेच धावणार नाही. पण सवय पहिल्या दिवसापासून लावलेली बरी.

आमच्या गटाची रीत

दिव्याच्या प्रकरणानंतर आम्ही पाच गोष्टी ठरवल्या. तुमच्या गटाला पटल्या तर घ्या, नाहीतर तुमच्या करा.

पहिली गोष्ट: न वापरलेल्या वस्तूची शिफारस नाही. आधी एकीने किंवा गटाने मिळून एक नग घ्यायचा आणि महिनाभर वापरायचा. पावसाळ्यात लागणारी वस्तू पावसाळ्यातच तपासायची. वापरली नसेल तर सरळ म्हणायचं, "मी वापरलेली नाही, फक्त पाहिली आहे."

दुसरी: कमिशन आधी सांगायचं, तेही रुपयांत. टक्के सगळ्यांना कळत नाहीत. आमचं वाक्य असं आहे: "ही वस्तू तू माझ्या लिंकवरून घेतलीस तर मला 20 रुपये मिळतील. तुझी किंमत त्याने वाढत नाही. दुसरीकडून घेतलीस तरी मला राग नाही." हे वाक्य लिंकच्या वर लिहायचं, खाली नाही.

तिसरी: वस्तूचा दोष सांगायचा. प्रत्येक वस्तूत काही ना काही असतंच. दोष सांगितला तर खरेदी कमी होते, हे खरं आहे. पण जी घेते ती समजून घेते आणि भांडायला येत नाही.

चौथी: परतीचा खर्च सांगायचा. ही गोष्ट शहरात कोणाला सुचत नाही. शहरात पार्सल दारातून परत जातं. आमच्याकडे पार्सल दारात येतच नाही. ते आणायला जायचं, परत द्यायला पुन्हा जायचं. होडी, जीप, भाडं आणि एका दिवसाची मजुरी. 300 रुपयांच्या वस्तूसाठी एवढं कोण करेल? म्हणून महाग वस्तू भर पावसात मागवायची नाही. मोलगीच्या बाजारात तीच वस्तू 20 रुपये जास्त देऊन मिळत असेल, तर बाजारातूनच घे, असं सांगायचं. आपलं कमिशन जातं, जाऊ द्या. दुकानदार समोर असतो, बिघडली तर त्याला दाखवता येते.

पाचवी: औषध, बियाणं, कीटकनाशक आणि कर्ज यांची लिंक नाही. दिवा बंद पडला तर अंधार होतो. बियाणं फसलं तर वर्ष जातं. औषधाचं दवाखान्यात विचारायचं, बियाण्याचं सहायक कृषी अधिकाऱ्यांना. तिथे कमिशन घेऊन बोलायचं नाही, असं आमचं ठरलं आहे.

फसवणूक कशी ओळखायची?

शिफारशीच्या कामाच्या नावाखाली दुसरेच धंदे चालतात. दोन खुणा लक्षात ठेवा. काम सुरू करायलाच पैसे मागितले, तर ते काम नाही. वस्तू विकण्यापेक्षा "आणखी बाया जोड, त्यांच्या भरतीचे पैसे मिळतील" असं म्हणत असतील, तर ती साखळी आहे. 2021 च्या थेट विक्रीच्या नियमांनुसार अशी पिरॅमिड योजना चालवता येत नाही आणि नाव नोंदवायला प्रवेश फीही घेता येत नाही. साखळीत शेवटची बाई नेहमी बुडते, आणि ती आपल्याच पाड्यातली असते. ओटीपी कोणालाही द्यायचा नाही. फोनवरून पैसे गेले तर लगेच 1930 वर सांगायचं. वस्तूची तक्रार असेल तर ग्राहक मदतवाहिनी 1915 आहे.

उलट बाजूने पाहा

आतापर्यंत आपण दुसऱ्यांच्या वस्तूंबद्दल बोललो. आता आपल्या मालाकडे बघा. उन्हाळ्यात आपण कैऱ्या सोलतो, चिरतो, वाळवतो. आमचूर तयार होतो आणि तो व्यापारी सांगेल त्या भावाने जातो. शहरातल्या एखाद्या ओळखीच्या ताईने, शिक्षिकेने किंवा नर्सबाईने आपल्या आमचुराची शिफारस केली, तर आपणही तिला कमिशन देऊ शकतो. समजा, पाव किलोची पिशवी 100 रुपयांना ठेवली आणि तिला 10 रुपये दिले. उरलेल्या 90 रुपयांतून पिशवी, भाडं आणि मेहनत धरून हिशेब मांडायचा. व्यापाऱ्याच्या भावापेक्षा जास्त उरत असेल तरच करायचं. खाण्याची वस्तू पिशवीत भरून विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्यायची. उमेद किंवा माविमच्या ताईंना विचारलं तर त्या अर्ज भरायला मदत करतात.

इथेही तोच नियम. त्या ताईलाही सांगायचं, "आम्ही तुम्हाला 10 रुपये देतो, हे गिऱ्हाइकाला सांगा." वळवाचा पाऊस लागून आमचूर काळसर झाला असेल, तर तेही सांगायचं आणि भाव कमी लावायचा. आपण फसलो तेव्हा जे आपल्याला हवं होतं, तेच दुसऱ्याला द्यायचं.

शेवटी हिशेब सांगते. मागच्या वर्षी आम्ही गटात चारच वस्तूंची शिफारस केली. कमिशनची वही बैठकीत सगळ्यांसमोर वाचली जाते. कमाई थोडी आहे, पण त्यातला एकही रुपया लपवलेला नाही. काकीने या वर्षी माझ्या सांगण्यावरून बॅटरी घेतली. घेण्याआधी तिने विचारलं, "तुला किती?" मी म्हटलं, "अठरा रुपये." ती म्हणाली, "बरं, मागव."

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं एकच करा. कोणी वस्तू सुचवली की तिला विचारा, "तू वापरलीस का, आणि तुला किती मिळतं?" रागाने नाही, सहज विचारा. आणि तुम्ही सुचवत असाल, तर कोणी विचारायच्या आधीच सांगा.