सांबऱ्याची खेप

पहाटे पाच, निपाणी. मावशींच्या दारात गाडी लावली तर बॅग आधीच अंगणात. लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला निघाल्यात, विमानानं पहिल्यांदाच. मी डिकीतला ताणकाटा काढला. सामान पंधरा किलोपर्यंत चालतं, काटा गेला सतरावर. आत कांदा-लसूण चटणी, डिंकाचे लाडू, तुपाची किटली. लाडू हातातल्या पिशवीत बसले, तुपाला जागा नाही. 'तिकडं असलं मिळत नाही ओ,' एवढंच म्हणाल्या आणि किटली परत आत नेऊन ठेवली.

साडेपाच. तवंदी घाट, आषाढातलं धुकं, पुढं ट्रकांची रांग. 'किती तास लागतात ओ?' हा प्रश्न प्रत्येकजण घाटातच विचारतो, का ते कळत नाही. तिकिटावर दीडेक तास असतो. सरळ रेघ मारली तर बेळगावचा सांबरा विमानतळ ते नागपूर साधारण ७४५ किलोमीटर, आणि जेट मधल्या टप्प्यात ताशी साडेसातशेनं जातं. मग तासाभरात का नाही? कारण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरनं हललं की सुरू होतो आणि तिकडं जाऊन थांबेपर्यंत चालतो. धावपट्टीपर्यंत रांगणं, वर चढणं, खाली येणं, सगळं त्यातच. शिवाय सांबऱ्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम. विमान वाऱ्याला तोंड करून उडतं आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. म्हणजे नागपूर ईशान्येला, आणि हे आधी बेळगावकडं तोंड करून पळणार, मग वळणार. मावशी म्हणाल्या, 'आमच्या ह्यांच्यासारखंच की!'

संकेश्वर. हिरण्यकेशी काठोकाठ. चहा. पुढं हत्तरगीचा टोलनाका, मग सहापदरीच्या कामाची वळणं. त्यावर बोलण्यात अर्थ नाही.

साडेसात. सांबरा. इंग्रजांनी १९४२ साली युद्धातल्या प्रशिक्षणासाठी बांधलेला तळ. हवाई दलाची प्रशिक्षण शाळा अजून इथंच आहे. प्रवाशांची नवी इमारत २०१७ सालची. नागपूरचं थेट विमान मात्र २०२२ साली सुरू झालं. त्याआधी मावशींसारख्यांना कोल्हापुरातनं महाराष्ट्र एक्सप्रेस, नागपूर दुसऱ्या दिवशी. दारातल्या जवानानं आधारकार्ड बघितलं, मावशींनी वळून पिशवी उंच करून दाखवली. लाडू शाबूत.

परतताना डायरीत लिहिलं: निपाणी-सांबरा ८५ किलोमीटर, अडीच तास. आत बसून वाट बघणं दोन तास. मग उरलेले ७४५ किलोमीटर दीड तासात.

दुपारी दोन. जेवून उलट्या दिशेला, कोल्हापूरच्या विमानतळावर, उजळाईवाडीला. हैदराबादहून एक तंबाखूचे व्यापारी येणार होते. कोगनोळी ओलांडली, कागल आलं, केए-२३ पाटीची गाडी महाराष्ट्रात. घरापासून हे विमानतळ जेमतेम पस्तीस किलोमीटर, १९३९ सालचं, राजाराम महाराजांच्या काळातलं. दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाहीत, पण निपाणीकराला जवळ-लांब बघून भागत नाही. कुठलं विमान कुठनं आणि कुठल्या वारी, ते बघूनच गाडी उत्तरेला की दक्षिणेला हे ठरतं. व्यापारी सीटवर बसले आणि तवंदी घाट येण्याचा प्रश्नच नव्हता, तरी विचारलंच: 'निपाणीला किती वेळ?'

संध्याकाळी सात. गाडी धुताना मावशींच्या घरनं फोन. सुखरूप पोचल्या, एक लाडू फुटला. पुढच्या आठवड्यात नागपूरला कुणी जाणारं आहे का, विचारत होत्या. तुपासाठी.