वैद्याला विचारणे हा अपमान नव्हे

तापाने फणफणलेले लेकरू कडेवर घेऊन आई दवाखान्याची पायरी चढते, तेव्हा भिंतीवरील प्रमाणपत्र वाचण्याइतके तिचे मन थाऱ्यावर नसते. काचेची चौकट आणि तांबडी मोहोर पाहून ती विश्वास ठेवते. सुरतेत या विश्वासाचाच बाजार मांडला गेला.

डिसेंबर २०२४ मध्ये तेथील पोलिसांनी बनावट वैद्यकीय पदव्यांचा धंदा उघडकीस आणला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे ७० हजार रुपये मोजले की इलेक्ट्रो-होमिओपॅथीची पदवी हाती पडत असे. या पद्धतीला केंद्र सरकारची मान्यता नाही. १४ जणांना अटक झाली. सुमारे १,२०० पदव्यांची नोंद सापडली. उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत खानदेशातून पोटासाठी गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून ही माणसे गल्लीतलाच दवाखाना गाठतात.

त्याच सुरतेत १९६४ साली स्थापन झालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्याला साडेचार वर्षे अभ्यास व पुढे एक वर्ष रुग्णालयात उमेदवारी करावी लागते. औषधांची नावे पाठ करणे सोपे. एखादे औषध अमक्या रोग्यास का देऊ नये, हे उमजण्यास मात्र गुरूच्या नजरेखाली शेकडो रोगी तपासावे लागतात.

परंतु महाविद्यालय मान्यताप्राप्त असले तरी त्यावर देखरेख हवीच. शिक्षक पुरेसे आहेत काय, खाटांवर खरेच रोगी आहेत काय, हे पाहणारेच मोहाला बळी पडले तर? २०१० साली भारतीय वैद्यक परिषदेच्या अध्यक्षांना लाचेच्या आरोपावरून अटक झाली आणि सरकारने परिषद बरखास्त केली. २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग हे काम पाहतो. तरीही २०२५ मध्ये महाविद्यालयांच्या तपासणीतील लाचखोरीच्या आरोपावरून सीबीआयला गुन्हा नोंदवावा लागला.

म्हणून वाचकहो, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नम्रपणे विचारावा व राज्याच्या वैद्यक परिषदेकडे पडताळून पाहावा. शंका आल्यास जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांस लेखी कळवावे. घरातील मूल वैद्यकीय शिक्षण घेत असेल आणि 'वर्गात शिक्षकच येत नाहीत' असे सांगत असेल, तर 'पदवी मिळेपर्यंत गप्प बस' असे त्यास सांगू नये. आज त्याचे जे शिकावयाचे राहील, त्याची किंमत उद्या कोणा आईचे लेकरू मोजील.