अडुळशाचे कुंपण

पौड सोडून ताम्हिणी घाटाच्या वाटेला लागले, म्हणजे मुळशी तालुक्यातील घरांच्या कुंपणांना कोठे कोठे लांबट, गर्द हिरव्या पानांची झुडपे लावलेली दिसतात. तो अडुळसा. त्याचे पान कडू असल्यामुळे गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. खोकल्यावर या पानांचा काढा वैद्य पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत. संस्कृतात अडुळशाला ‘वासा’ म्हणतात. पानांतील मुख्य औषधी द्रव्याचे ‘वासिसीन’ हे नाव त्यावरूनच पडले.

मुलांना मात्र अडुळसा ठाऊक असतो तो फुलांमुळे. हिवाळ्यातले पांढरे फूल उपटून त्याचे देठाकडील टोक चोखले, की मधाचा थेंब जिभेवर येतो. वास्तविक तो थेंब असतो भुंग्यासाठी. फुलाच्या खालच्या ओठावर जांभळट रेषा असतात. तेथे काळा, धिप्पाड भुंगा येऊन बसतो आणि मधासाठी आत डोके खुपसतो. त्याच वेळी वरच्या ओठाखालचे दोन पुंकेसर त्याच्या पाठीला पराग माखतात, आणि तो पराग पुढच्या फुलाला पोचतो.

हाच भुंगा वांग्याच्याही उपयोगी पडतो. वांग्याच्या फुलातील पराग बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, तेव्हा तो झडतो. आपल्या सातेरी मधमाशीला हे साधत नाही.

एके वर्षी स्नेहसंमेलनासाठी मी कार्तिकातच शाळेचे कुंपण छाटून घेतले. कुंपण देखणे झाले. पण येणारा फुलोरा छाटणीबरोबर गेला. त्या हिवाळ्यात शेजारच्या वांग्यांच्या वाफ्यातही भुंग्यांची गुणगुण जवळजवळ ऐकू आली नाही. आमचे माळीबुवा म्हणाले, “गुरुजी, पंगत बसायच्या आधीच पानं उचललीत तुम्ही!”

अडुळसा लावणे सोपे आहे. पावसाच्या आरंभी जून फांदीचे वीतभर लांबीचे, ३-४ पेरांचे तुकडे करावेत आणि दोन पेरे मातीत जातील असे रोवावेत. मुळशीचा पाऊस मुसळधार. सखल जागी पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून बांध किंवा उंचवटा निवडावा. औषधासाठी खालची जून पाने थोडी थोडी खुडावीत, शेंडे राखावेत. छाटणी करावी ती फुलोरा सरल्यावर. फवारणीचे विष तेथे नको.

कुंपणाशी एखादे वाळके लाकूडही असू द्यावे. भुंग्याची मादी ते पोखरून आत परागाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि भुशाच्या पडद्याने ती खोली बंद करते. माळीबुवांनी आंब्याचे एक वाळके खोड याचसाठी राखले होते. सरपणाला कोणी मागितले, तरी ते देत नसत.