हॉलमध्ये लाकडी जमीन घालताय? आधी जोत्याखाली बघा

मैत्रिणींनो, नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या दर्शनाला आपल्यापैकी बऱ्याच जणी जातात. ठाण्यात कुणाची मुलगी, कुणाची बहीण राहते. दर्शन झालं की चहाला तिच्याकडे जाणं होतं. आपल्या एका ताई अशाच भाचीकडे गेल्या. नाक्याजवळच्या इमारतीत चौथा मजला, आणि हॉलमध्ये लाकडाची जमीन. पायाला गार लागत नाही, दिसायला सुंदर. ताई गावी परतल्या आणि पुढच्या मासिक बैठकीत त्यांनी कर्जाची मागणी ठेवली : बाहेरच्या खोलीला तशीच जमीन करायची आहे.

हौस करायला कुणाची ना नाही. पण चौथ्या मजल्यावरच्या त्या जमिनीखाली स्लॅब आहे आणि स्लॅबखाली दुसऱ्याचं कोरडं घर. तुमच्या माझ्या घराच्या जमिनीखाली माती आहे. पावसाळ्यात ती माती पाण्याने भरलेली असते, आणि वातीतून तेल चढावं तशी ओल कोब्यातून वर चढते. लाकडाचा प्रश्न भावाच्याही आधी इथेच सुटतो किंवा बिघडतो.

दुकानात लाकडी जमीन म्हणून तीन वेगळ्या वस्तू दाखवतात. तिन्ही वरून सारख्याच दिसतात, म्हणून फसगत होते.

पहिली लॅमिनेट. हिच्यात लाकडाची फळी नसते. लाकडाचा बारीक भुगा-तंतू डिंकासारख्या रसायनात दाबून केलेला पत्रा, वर लाकडाचा छापील कागद आणि त्यावर कडक पारदर्शक थर. जाडी साधारण ८ ते १२ मिलिमीटर. पट्ट्या एकमेकींत खटकन अडकतात, खाली फोमचा पातळ थर असतो. तिघींत स्वस्त हीच. वरचा थर चांगला चिवट असतो, सहज ओरखडा पडत नाही. पण एकदा पाणी सांध्यातून आत गेलं की भुसा फुगतो, कडा उचलल्या जातात आणि त्या पुन्हा बसत नाहीत. रंधा मारून दुरुस्त करू म्हणाल तर वर कागद आहे, तो निघून जाईल.

दुसरी इंजिनिअर्ड. खाली प्लायवुडसारखे आडवे-उभे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. थर आडवे-उभे असल्याने हवेतल्या ओलीने ती भरीव लाकडापेक्षा कमी फुगते, कमी आकसते. इथे एकच प्रश्न नेमका विचारायचा : वरचं खरं लाकूड किती मिलिमीटर? तीन-चार असेल तर पुढे एक-दोन वेळा घासून पॉलिश करता येतं. एखादाच मिलिमीटर असेल तर घासायला काही उरत नाही, आणि त्यासाठी लॅमिनेटच्या दुप्पट-तिप्पट पैसे कशाला मोजायचे?

तिसरं भरीव लाकूड. अख्खी फळी, जाडी साधारण १८-२० मिलिमीटर. सगळ्यात महाग, आणि नीट ठेवलं तर नातवंडं वापरतील. पुन्हा पुन्हा घासता येतं. पण पावसाळ्यात फुगणं आणि मे महिन्यात आकसणं हा त्याचा स्वभाव आहे. शिवाय वाळवी! काही जणी म्हणतील, आमच्या बांधावर साग उभा आहे, विकत कशाला घ्यायचं? बायांनो, साग स्वतःच्या जागेत असला तरी तो तोडायला परवानगी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १९६४ पासून कायदा आहे. आणि परवानगी मिळाली तरी ओल्या लाकडाच्या फळ्या घातल्यात तर वर्षभरात बोटभर फटी दिसतील.

आपल्याकडच्या जुन्या घरांकडे बघा. लाकडाची जमीन होती, नाही असं नाही. वाड्यांना तक्तपोशी होती, साध्या घरांना माळा होता. पण ती सगळी वरच्या मजल्यावर, खालून वारा खेळणारी. तळाला सारवण, नाहीतर दगड. सारवण ओल घेतं, उन्हात सोडतं, खराब झालं की आठवड्याने परत सारवता येतं. सारवायचे कष्ट आपणच केलेत, त्याचं कौतुक मी सांगणार नाही. पण तळाला लाकूड नको, हे त्या घरं बांधणाऱ्यांना कळलेलं होतं.

तुमच्या घराला किती ओल आहे ते फुकटात कळतं. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद कोब्यावर पसरा, चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवस हात लावू नका. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला असेल तर लाकडाचा विचार तिथेच सोडा. ही परीक्षा आषाढ-श्रावणात करायची. एप्रिलमध्ये केलीत तर कोरडंच दिसणार. नवीन कोबा असेल तर त्याला आधी वाळू द्या, महिनाभर तरी. जाड असेल तर जास्त.

आता पैसे. खोली १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट. कापाकापीत वाया जाणारा १० टक्के माल धरून १३२ चौरस फूट घ्यावा लागतो. हिशोबापुरता चौरस फुटाला १०० रुपये धरू : १३,२०० रुपये. गटाचं व्याज महिना शेकडा १ रुपया आणि मुद्दलाचा हप्ता १,१०० असेल तर बारा महिन्यांत व्याज ८५८ रुपये. एकूण १४,०५८. फोम, कडेची पट्टी, कारागिराची मजुरी आणि गावापर्यंतचं गाडीभाडं वेगळं, ते आधी विचारा. दिवाळीनंतर बसवलीत तर पुढच्या दिवाळीपर्यंत हप्ते चालू राहतील, आणि मध्ये एक अख्खा पावसाळा येतो. फुगलेल्या जमिनीचा हप्ता भरताना काय वाटतं ते ज्यांनी भरलाय त्यांनाच विचारा.

दुसरं, ही जमीन पुसणार कोण? उत्तर आपल्याला माहीत आहे. बादलीभर पाणी ओतून धुणं तिघींनाही चालत नाही. घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं. आपल्या घरात पावसाची झड उंबऱ्यातून आत येते, लावणीहून आलेले चिखलाचे पाय येतात, भाताची पोती याच खोलीत ओढली जातात. चौथ्या मजल्यावरच्या भाचीला यातलं काही नाही. तिच्यासाठी चांगलं लॅमिनेट पुरेसं आहे, फक्त भिंतीकडेने ८-१० मिलिमीटर फट सोडलीय ना ते बघावं. ती पट्टीखाली झाकली जाते. फट न सोडता भिंतीला भिडवली तर फुगायला जागा राहत नाही आणि जमीन मधोमध उचलते. तिची खिडकी पावसात उघडी राहत असेल तर इंजिनिअर्डही नको.

तळाच्या घरासाठी माझं मत सरळ आहे : या तिघींपैकी एकही नको. लाकडासारखी दिसणारी लादी मिळते, लांब पट्टीच्या आकारात. धुवा, घासा, पोती ओढा. पायाला गार लागेल, तिथे बसायला चटई घाला. दुकानदार एसपीसी नावाची पट्टीही दाखवेल. ती दगडाची भुकटी आणि प्लास्टिकची असते, पाण्याने फुगत नाही, पण खालचा कोबा अगदी सपाट लागतो. साधा कोटा किंवा शहाबादी घेतलात तरी कमीपणा नाही. घरकुलाचं घर असेल, किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं, तर बाहेरच्या खोलीतले वाचलेले पैसे न्हाणीच्या उताराला आणि जोत्याभोवतीच्या गटाराला लावा. ओल तिथूनच आत येते.

आणि दुकानदार "वॉटरप्रूफ आहे" म्हणाला, तर वाद घालू नका. टाकाऊ तुकडा मागून घ्या. जाडी मोजा, रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, सकाळी परत मोजा. आपल्या त्या ताईंनी दोन दुकानांतले दोन तुकडे असे बुडवले आणि फुगलेले तुकडे बैठकीतच सगळ्यांच्या हातात फिरवले. कर्ज त्यांनी घेतलं, पण लादीसाठी.