डोलकाठी उभी कशी राहते?

म्हादई नदीचे नाव बेळगाव जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? खानापूर तालुक्यात भीमगडच्या अरण्यात ती उगम पावते, सह्याद्री उतरून गोव्यात शिरते आणि पुढे मांडवी हे नाव घेऊन पणजीजवळ समुद्राला मिळते. वर्तमानपत्रांत अलीकडे तिचे नाव येते ते बहुधा पाणीतंट्याच्या निमित्ताने. परंतु याच नदीचे नाव धारण करणाऱ्या एका शिडाच्या नौकेने पृथ्वीला दोनदा प्रदक्षिणा घातली आहे, ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कानावर आलेली नसते.

ती हकीकत थोडक्यात सांगतो. एखाद्या भारतीयाने एकट्याने, शिडांच्या बळावर, पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास नौदलातून निवृत्त झालेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी घेतला होता. त्यासाठी लागणारी नौका मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. आराखडा डच होता. हात मात्र इथलेच. ५६ फूट लांबीची ही 'म्हादई' फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे तिला घेऊन मुंबईहून निघाले, वाटेत चार बंदरांत थांबले आणि मे २०१० मध्ये परत आले. असा प्रवास एकट्याने करणारे ते पहिले भारतीय होत. पुढे अभिलाष टॉमी यांनी तीच नौका १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून हाकारली, ती कोणत्याही बंदराला न लागता ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईसच परत आणली. त्यानंतर त्याच कारखान्यात बांधलेल्या 'तारिणी' या नौकेवरून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या व २१ मे २०१८ रोजी सुखरूप परतल्या.

अशा प्रवासांची वर्णने वाचताना आपले लक्ष वादळांकडे आणि खलाशांच्या धैर्याकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. मला येथे सांगायचे आहे ते त्यामानाने रुक्ष वाटणाऱ्या एका गोष्टीविषयी. एवढी उंच डोलकाठी महिनोन् महिने उभी राहते, ती कशाच्या आधारावर?

'तारिणी'ची डोलकाठी २५ मीटर उंच आहे, म्हणजे सुमारे आठ मजली इमारतीएवढी. नौकेची रुंदी मात्र एखाद्या वर्गखोलीहूनही कमी. शिडात भरलेला वारा आपला सारा जोर या काठीवर टाकीत असतो. काठीचा बुडखा खोल रोवला की काम झाले, असे कोणास वाटेल. पण तेवढ्याने ती टिकत नाही. कित्येक नौकांवर तर काठी नुसती टेकवलेली असते. तिला उभी धरतात त्या चहूबाजूंच्या पोलादी तारा. रस्ता जेथे वळतो तेथील विजेच्या खांबाला एक ताणतार दिलेली असते, ती आपण रोज पाहतो. खांबाला ओढ एकाच बाजूची, म्हणून तेथे एक तार पुरते. समुद्रावर वारा आज डावीकडून, उद्या उजवीकडून. आणि तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून डोलकाठीला दोन्ही बाजूंस, पुढे आणि मागे अशा सर्व दिशांना ताणतारा लागतात. कोकणातल्या जुन्या गलबतांवर हेच काम काथ्याचे दोर करीत असत.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी येथे एक काटकोन त्रिकोण काढावा. ताणतार ५ मीटर लांब आहे आणि तिचे खालचे टोक काठीपासून १ मीटरवर बांधले आहे, असे समजा. वाऱ्याने शेंड्याला आडवा १ किलोचा जोर लावला, तर त्याला तोंड देण्यासाठी तारेत ५ किलोंचा ताण यावा लागतो. आणि ती तार काठीला जवळजवळ तितक्याच जोराने खाली दाबते. नौका अरुंद व काठी उंच, त्यामुळे हा कोन नेहमीच लहान असतो. तो थोडा तरी रुंदावा म्हणून काठीच्या मध्यावर दोन्ही अंगांना आडवे हात बसवून तारा त्यांच्या टोकांवरून नेतात. वारा काठीला बाजूला लोटतो एवढेच आपणांस दिसते. प्रत्यक्षात ती दोन टोकांमध्ये चिरडली जात असते. आपली मोजपट्टी उभी धरून वरून दाबून पाहा. सरळ असेतोवर ती दाब सोसते. एकदा बाक आला की मोडायला वेळ लागत नाही. ताणतारा जुळवण्याचे बहुतेक सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

हे काम बंदरात, वारा पडलेला असताना सुरू होते. प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला टर्नबकल असते. उद्यमबागेतील कारखान्यांत ज्यांच्या घरची माणसे काम करतात त्यांना ते सांगायला नको: दोन टोकांना उलटसुलट आटे, मधला भाग फिरवला की तार आवळते किंवा सैल होते. प्रथम काठीचा शेंडा मध्यावर आहे की नाही ते पाहतात. शीड चढवण्याचा दोर शेंड्यावरून खाली आणून डाव्या काठाला टेकवतात, तेथे दोरावर खूण करतात, आणि तोच दोर उजव्या काठाला नेतात. खूण दोन्हीकडे जुळली म्हणजे शेंडा मधोमध. मग दोन्ही बाजूंच्या तारा आळीपाळीने आणि सारखेच फेरे देऊन आवळायच्या. शेंड्याला गेलेल्या तारा अधिक घट्ट, मध्यावर गेलेल्या किंचित कमी. मधूनमधून काठीच्या बुडाशी गाल टेकवून, एक डोळा मिटून वर पाहायचे. सुतार फळीची धार पाहतो ना, अगदी तसेच.

जितके घट्ट तितके सुरक्षित, असे नवशिक्याला वाटते. ते खरे नव्हे. दूरच्या प्रवासाच्या नौकांवर बाजूच्या मुख्य तारांत त्यांच्या तुटण्याच्या मर्यादेच्या सुमारे १५ ते २० टक्के ताण ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्याहून फार वर गेले तर वारा सुटण्यापूर्वीच काठी दाबाखाली येते. फार खाली राहिले तर ती प्रत्येक लाटेबरोबर हिसके खाते. तंबोरा जुळवणारा तार चढवतो, ऐकतो, जराशी उतरवतो, पुन्हा ऐकतो. हेही तसेच सावकाशीचे काम आहे.

खरी परीक्षा पाण्यावर होते. मध्यम वाऱ्यात नौका एका अंगावर कलली की वाऱ्याकडच्या तारा ताठ होतात व पलीकडच्या थोड्या ढिल्या पडतात. ढिल्या पडाव्यात, पण लोंबू नयेत. लोंबत असल्या तर ढिल्या बाजूच्या टर्नबकलला थोडे फेरे द्यायचे, नौका वळवून वारा दुसऱ्या अंगावर घ्यायचा, आणि तिकडेही तितकेच फेरे. भार असलेली तार आवळू नये, आटे खरवडतात. सारे मनासारखे जमले की प्रत्येक टर्नबकलमध्ये स्प्लिट पिन घालून तिचे पाय उलगडायचे आणि वर चिकटपट्टी गुंडाळायची. पिन नसेल तर नौकेच्या अखंड थरथरीने टर्नबकल आपोआप सुटत जाते. करंगळीहून कितीतरी बारीक अशी ही वस्तू. पण ती विसरली, तर एखाद्या रात्री सगळी काठी समुद्रात जाऊ शकते.

तारही झिजते, आणि ही झीज सहजी दिसत नाही. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली तर ती तुटते, हे आपण सर्वांनी करून पाहिलेले आहे. दर आठ सेकंदांना एक लाट धरली, तर दिवसाला १०,८०० हेलकावे झाले. पाच महिन्यांत ते सोळा लाखांवर जातात. तारेचा एखादा पदर प्रथम तुटतो तो बहुधा टोकाच्या खोबणीपाशी. म्हणून जाणते खलाशी तारेवरून सुती फडके फिरवतात. तुटका पदर असला तर फडके अडकते. उघड्या हाताने मात्र ही तपासणी करू नये.

आता नौका चालवण्याकडे वळू. वारा पाठीशी असताना नौका पुढे जाते यात नवल नाही. पण ती वाऱ्याच्या रोखाने तिरपी कशी जाते? भिजवलेला चिंचोका दोन बोटांत दाबा. दाब दोन्ही बाजूंनी, पण चिंचोका निसटतो पुढे. शिडावरचा वारा नौकेला तिरके ओढतो, तळाखालची खोल पाती तिला बाजूला सरकू देत नाही. मग पुढे जाण्यावाचून तिला गत्यंतर नसते. अगदी वाऱ्याच्या तोंडावर मात्र कोणतीही शिडाची नौका जाऊ शकत नाही. चोर्ला घाटात रस्ता जशी वळणे घेत चढतो, तशी ती डावीउजवीकडे तिरपी वळणे घेत वाऱ्यावर चढते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. म्हणून शीड आखडायचे ते वारा वाढू लागताच. 'आता आखडावे काय?' हा प्रश्न मनात आला, तीच आखडण्याची वेळ, असे अनुभवी खलाशी मानतात. अंधारात, डेकवरून पाणी वाहत असताना तेच काम दसपट कठीण होऊन बसते. दुसरा धोका शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याचा. पाठीमागून येणारा वारा जरासा फिरला की हा दांडा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर फटकन येतो आणि वाटेत डोके आले तर ते फोडतो. म्हणून तो दोराने पुढे बांधून ठेवतात. एकट्या खलाशाला सर्वांत मोठी भीती पाण्यात पडण्याची. कारण नौका थांबत नाही, ती आपल्या वाटेने जातच राहते. यास्तव तो अंगात पट्टे चढवून त्यांचा दोर नौकेला अडकवतो, आणि डेकवर एक हात कामाला व एक हात स्वतःला सावरायला ठेवतो. सोबती असतील, तर एकाने पडलेल्या माणसावरून नजर काढायची नाही व सतत बोटाने त्याच्याकडे दाखवीत राहायचे. लाटांत माणसाचे डोके क्षणात दिसेनासे होते.

आपण डोंगराकडची माणसे. समुद्राला भेटतो ते सहलीपुरते. एप्रिल २०१७ मध्ये बेळगावहून मालवणला गेलेले आठ जण वायरीच्या किनाऱ्यावर बुडाले, हे पालक विसरले नसतील. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत बसतानासुद्धा तरंगते जाकीट नुसते मांडीवर ठेवू नये. त्याचे बंद आवळून ते अंगात घालावे. धोक्याचा बावटा असेल, किंवा तांडेल नको म्हणेल, त्या दिवशी होडीत पाऊल टाकू नये.

इतकी काळजी घेऊनही समुद्र कधी कधी वरचढ ठरतो. अभिलाष टॉमी २०१८ मध्ये 'तुरिया' नौकेतून पुन्हा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले होते. तीही गोव्यातच बांधलेली. २१ सप्टेंबर रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील वादळाने नौका लोळवली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. लाटेनेच नौका उलटवली, तर उत्तम जुळवलेल्या तारा काठी वाचवतीलच असे नाही. उलट अशा वेळी त्याच तारा शत्रू होतात: मोडलेली काठी त्यांना लोंबकळत राहते आणि प्रत्येक लाटेसरशी नौकेच्या अंगावर घणासारखी आदळते. म्हणून दूरच्या प्रवासाच्या नौकेवर तारा तोडण्याची भक्कम कात्री हाताशी असावीच लागते. अभिलाष यांना मात्र जागचे हलताही येत नव्हते. २४ सप्टेंबर रोजी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. पुढे ते उपचारांनी बरे झाले, सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. पहिल्या आल्या त्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर.