गुडघा बदलला, पण खरी कसोटी घरी

भुसावळ : रेल्वेच्या पुलावर दर चार पायऱ्यांनी कठडा धरून थांबणाऱ्या ज्येष्ठांना गुडघेदुखी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. औषधे, व्यायाम व वजन कमी करूनही वेदना थांबत नसतील, तर सांधेरोपणाचा विचार होतो. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया झाली आणि ती घराघरांत पोहोचली.

या शस्त्रक्रियेत संपूर्ण गुडघा काढला जात नाही. झिजलेल्या कूर्चेसह हाडांच्या टोकांचा पातळ थर काढून त्यावर धातूचे आवरण बसवतात. दोहोंमध्ये पॉलिथिलीनची चकती असते. केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत करवगळता ५४,७२० रुपये निश्चित झाली होती. रुग्णालयाचा खर्च अर्थातच वेगळा.

मात्र यशाचा निम्मा वाटा पुढील सहा आठवड्यांच्या व्यायामाचा असतो. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभे केले जाते. घोटा वर-खाली करणे, मांडीचे स्नायू आवळणे, गुडघा पूर्ण सरळ करणे व हळूहळू वाकवणे, हा दिनक्रम दुखते म्हणून सोडला तर सांधा आखडतो. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवल्यानेही पाय सरळ होत नाही. मांडी घालणे व उकिडवे बसणे सहसा टाळावे लागते. म्हणून उंच खुर्ची आणि कमोडची सोय आधीच करावी.

मुंबईहून भुसावळचा प्रवास सुमारे ४४० किलोमीटरचा. फार वेळ बसून राहिल्यास पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे परतीचा दिवस डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. पोटरी सुजून दुखू लागणे, ताप, जखमेतून स्राव ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना कळवावे. अचानक दम लागल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

सूज काही महिने राहू शकते; पूर्ण सुधारणेस वर्षही लागते. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे ८२ टक्के कृत्रिम गुडघे २५ वर्षे टिकतात. पंचवीस वर्षांच्या या सोबतीसाठी सहा आठवड्यांचे कष्ट फार नव्हेत.